फिल्टरचा डबा

१

रामराव आधी गेले की त्यांची गाडी आधी बंद पडली, हे पहिले दोन दिवस कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. मग त्यांच्या पत्नीने, मनकर्णाबाईंनी, सांगितलं की गाडी आधी.

मेहकर रस्त्यावरच्या शेतातून दोघं खामगावला परत येत होते. दुपारचे दोन वाजले असतील. रामरावांच्या छातीत कळ आली म्हणून काम टाकून निघाले होते. गाडी तेच चालवत होते, कारण मनकर्णाबाईंना येत नव्हती. एका चढावर इंजिनातून दगड दळल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. तिथे फोनला रेंज नव्हती. पाऊण तासाने एक टेम्पो मिळाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रामरावांचं मनगट खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "इतका वेळ कुठे होता?"

मी खामगावच्या एका लहान ग्रंथालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतरही जातो, दुसरीकडे कुठे जावं ते सुचत नाही म्हणून. रामराव रोज चार वाजता तिथे यायचे. त्यांनी आपली तेलाची मिल बंद केल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सवयीने दोन चहा सांगितले आणि दोन्ही प्यायलो. रडू वगैरे आलं नाही. कप धुऊन पालथे घातले.

गावात कारण लगेच ठरलं. रामरावांची गाडी सव्वीस वर्षांची, पांढरी, लहान. तिचं काम अर्जुन मिस्त्री करायचे. दसऱ्याला त्यांनी तिच्यात नवीन इंजिन ऑइल न टाकता वापरलेलं, पुन्हा शुद्ध केलेलं ऑइल टाकलं होतं. रामरावांचा मुलगा हर्षल पुण्याहून आला तो अंत्यविधीनंतर थेट गॅरेजवर गेला. चार लोकांसमोर त्याने विचारलं, "बाबांच्या गाडीत जुनं ऑइल तुम्ही टाकलं?"

अर्जुन मिस्त्री म्हणाले, "हाव. मीच टाकलं."

मग त्यांनी हात पुसले आणि शटर खाली ओढलं. ते अजून वर गेलं नव्हतं.

पण ते ऑइल टाकायचं मिस्त्रींच्या मनात आपोआप आलेलं नव्हतं. रामरावांनी त्यांना एक कात्रण नेऊन दाखवलं होतं. जुन्या गाडीला असं ऑइल पुरेसं चांगलं असतं, असा त्यात मजकूर होता. ते कात्रण माझ्या फायलीतलं होतं.

२

बाराव्या दिवशी मिस्त्रींची मुलगी प्राची ग्रंथालयात आली. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आमच्याकडे करते. त्या दिवशी तिने पुस्तक मागितलं नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"काका, एक विचारू? ते ऑइल चांगलं होतं का खराब होतं?"

मी चष्मा काढला. "मला गाडीतलं काही कळत नाही, प्राची."

"मग लेख काऊन दिला?"

मी खरं म्हणजे तो लेख पूर्ण समजून घेतला होता असंही नाही. रामरावांना आवडेल म्हणून कापून ठेवला होता. माणसाला काहीतरी द्यायचं असतं आणि माझ्याकडे द्यायला कागदच असतात.

"मी भांडाले नाई आली," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "उद्या तेरावं हाये. सोमवारी हर्षलदादा पोलीस ठाण्यात जाणार हाये, बाबाच्या नावानं तक्रार द्याले. आन् बाबा म्हणते, जाऊ दे, मी कबूल करतो. जेवाले बसते, ताटाकडे पाहाते आन् उठते. मी म्हटलं, तुम्ही इंजिन तरी उघडून पाहा. तर म्हणे, पाहून काय करू, मानूस परत येते का?"

"मग मी काय करू?"

"तुम्ही लेखवाले आहे ना. मग ऑइल खराब होतं का नाई, तेवढं तरी शोधा. खराब निघालं तर निघालं. आमचं काय व्हायचं ते होईन. पण न पाहाताच?"

मी म्हणालो की मला हे जमणार नाही, मी आयुष्यात कशाचाच तपास केलेला नाही, फार तर हरवलेली पुस्तकं शोधली आहेत.

"गाडी आमच्याच दारात उभी हाये," प्राची म्हणाली. "टेम्पोनं ओढून आणली तशीच. हर्षलदादानं सांगितलं, कोणी हात लावायचा नाई. बारा दिवसांत कोणी बॉनेट पण उघडलं नाई, काका."

३

अर्जुन मिस्त्री गॅरेजच्या बंद शटरला पाठ लावून स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली. मला पाहून उठले, पण का उठलो ते विसरल्यासारखे उभेच राहिले.

"बॉनेट उघडायचं?" मी विचारलं. "नुसतं पाहायला."

"पाहा. हर्षल बोलला तर सांगजा, मीच उघडलं."

ते गाडीपुढे गेले आणि मला आत बसायला सांगितलं. स्टिअरिंगखाली एक खटका असतो, तो ओढायचा. मी ओढला. काही झालं नाही. अजून जोरात ओढला.

"पूर्ण नका ओढू. अर्धा ओढा आन् धरून ठेवा. वायर ढिली झाली तिची." मग त्यांनी डाव्या दिव्याच्या वर तळहाताने दोन थापा मारल्या आणि बॉनेट उचललं. माझ्यासमोरच्या काचेत एकदम पांढरा पत्रा उभा राहिला. पलीकडचं काही दिसेना. "हे एकट्याचं काम नाई," पत्र्यामागून त्यांचा आवाज आला. "रामरावजी म्हणत, ही गाडी जोडप्याची हाये."

मी उतरून पुढे गेलो. त्यांनी ऑइल मोजायची सळी बाहेर ओढली. सळीला काळपट तांबूस, चिकट काहीतरी लागलं होतं. मिस्त्रींनी ते दोन बोटांत धरून बोटं दूर केली. मध्ये तार आली, गुळाच्या पाकाला येते तशी.

त्यांनी बोटं पुन्हा जुळवली, पुन्हा दूर केली.

"ऑइल असं होत नाई," ते म्हणाले. मग लगेच, "म्हणजे माझंच खराब निघालं."

मी सळीला नाक लावलं. जळका वास होता, पण त्याच्या खाली दुसरा एक वास होता. ओळखीचा. रोजचा. मी तो कुठे घेतो ते मला आठवेना. या वयात असं होतं आणि आपण गप्प बसतो.

खिशात मी टीपकागदाचे दोन तुकडे आणले होते. एकावर सळीवरचं ते चिकट लावलं. "यातलं मूळ ऑइल कुठे मिळेल? दसऱ्याला टाकलं ते?"

"डिक्कीत असन. जुनी गाडी ऑइल पिते, म्हणून वरून टाकाले पाच लिटरचा डबा भरून दिला होता. डबा त्याईचाच, मिलमधला."

डिक्कीत स्टेपनीमागे, पोत्याखाली तो सापडला. पिवळा प्लास्टिकचा डबा, खामगावात घरोघरी असतो तसा. झाकणाभोवती तांब्याची तार चार वेढे गुंडाळून पिळलेली होती.

"ही तार कशाला?"

"माझी पद्धत हाये. डबे तेलाचेच, घरात जाते. कोणा बाईनं चुकून माझं ऑइल कढईत वतलं तर? म्हणून तार. तार दिसली की समजाचं, हे खायाचं नाई."

त्यांनी पक्कड आणून तार सोडवली, दुसऱ्या टीपकागदावर थेंब टाकला आणि तार होती तशी परत पिळून बसवली. डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. मी ते पाहिलं. पाहिलं आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही, हे आता लिहिताना लाज वाटते.

४

मिस्त्री हे ऑइल मलकापूरच्या शंकररावांकडून घेत. संशय घ्यायचा तर त्यांच्यावरच घ्यायला हवा होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलो. महामार्गाच्या कडेला त्यांचं दुकान आहे. पुढे बादल्या, मागे काळी पिंपं.

"गाडी कोणती तुमची?" शंकररावांनी विचारलं.

"गाडी नाही."

"मग स्कूटर?"

"सायकल आहे."

"म्हणजे सायकलवाला मानूस ऑइलची चौकशी करून राह्यला," ते शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल असं म्हणाले. "बसा साहेब. चेनले लावाले पायजे का?"

मी त्यांना रामरावांचं सांगितलं. त्यांचं हसणं थांबलं. मागच्या पिंपांकडे बोट करून मी विचारलं, ते काय आहे.

"ते काळं ऑइल. गॅरेजमधून निघालेलं. सेंट्रिंगवाले नेते, स्लॅबखालच्या पाट्याले लावाले. आता काही लोक तेच फडक्यातून गाळते आन् फिल्टरचं म्हणून इकते. ते टाकलं तर गाडी मरन. माझं ते नाई." त्यांनी एक बंद बादली माझ्यापुढे सरकवली, तिच्यावरचा ग्रेडचा आकडा दाखवला. "हे कारखान्यात तापवते. पाणी काढते, गाळ काढते, वाफ करून परत ऑइल करते, मग नवा मसाला टाकते. ऑइल जुनं होत नाई साहेब, मळते. धुतलं की झालं. पण बोलताना लोक यालेबी फिल्टरचंच म्हणते. मीबी म्हणतो."

"सव्वीस वर्षांच्या गाडीला चालेल?"

"ग्रेड पाहून टाकलं, वेळेवर बदललं, त काऊन नाई चालणार? माझी जीप तुमच्या पोराच्या वयाची असन."

मला मूलबाळ नाही, पण ते सांगायची गरज नव्हती. मी टीपकागद काढले. डब्यातल्या ऑइलचा थेंब पसरून स्वच्छ गोल झाला होता. शंकररावांनी तो उजेडात धरला. "हे माझं. काही खराबी नाई."

सळीवरचं जे लावलं होतं ते पसरलंच नव्हतं. एका रात्रीत त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा आला होता, कडक, चकचकीत. शंकररावांनी त्यावर नख ओढलं.

"यात माझं थोडंफार असन. पण हे जे वाळलं ना, ते ऑइल नाई."

"मग काय आहे?"

"मले काय माहीत? रंगाच्या दुकानात इचारा."

परतीच्या बसमध्ये मी कागद हातात धरून बसलो. ग्रंथालय उघडलं तेव्हा चार वाजून गेले होते. खोलीत रोजचा वास होता, कागदाचा आणि लाकडी कपाटांचा. मी कपाटाला हात लावून तसाच उभा राहिलो. दर दसऱ्याला आम्ही ही कपाटं बेलतेलाने पुसतो. ते लावलं की दोन दिवसांत वाळून कडक होतं, चकाकी येते. रंगवालेही तेच वापरतात. बेलतेल म्हणजे जवसाचं तेल.

जवसाचं तेल हृदयाला चांगलं असतं, असा एक लेख मी गेल्या वर्षी कापला होता. तोही रामरावांना दिला होता.

५

तेरावं दुपारी आटोपलं होतं. मी गेलो तेव्हा पाहुणे उठत होते. हर्षल बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसला होता. डोकं तुळतुळीत, डोळे कोरडे.

"काका, तुम्ही त्याची बाजू घेऊन आलात म्हणे."

"बाजू नाही. मी विचारायला आलो. पण आज बरं नसेल तर..."

"विचारा. मला आता कशाचं काही वाटत नाही."

तेवढं एक मला समजलं, मलाही रडू आलं नव्हतं. मी म्हणालो, "गाडीत दसऱ्यानंतर पुन्हा ऑइल घालावं लागलं होतं का?"

"हो ना. तेच सांगतोय सगळ्यांना. नवीन डबा आणला असता तर बाबा आज असते. पण त्याने बाबांना सवय लावली, आणि आम्हीही विश्वास ठेवला. भाऊबीजेला तेलाचा लाल दिवा लागला, तर त्याच्याच डब्यातलं दीड लिटर टाकलं. फिल्टरचं तेल. आमच्याच हाताने त्याचं विष."

तो आणखी बोलत होता. मी ऐकत होतो असं त्याला वाटलं असेल. मी त्या दोन शब्दांपाशी थांबलो होतो.

अर्जुन मिस्त्री तेल म्हणत नाहीत. शंकररावही नाहीत. गाडीत घालायचं ते ऑइल, कढईत घालायचं ते तेल. हा फरक इथे कोणी शिकवत नाही, तो असतोच. आणि खामगावात 'फिल्टर तेल' ही पाटी अर्ध्या डझन घाण्यांवर आहे. शेंगदाण्याचं, करडईचं, जवसाचं. गाळलेलं, खायचं.

आता बाकीचं आपोआप पुढे आलं. त्याच्याच डब्यातलं टाकलं, असं हर्षल म्हणत होता. पण त्या डब्याची तार पिळलेली होती आणि डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. दीड लिटर त्यातून कमी झालेलं नव्हतं. म्हणजे टाकलं ते दुसऱ्या डब्यातलं. तसाच पिवळा डबा, तसंच पिवळसर तेल.

कोणी टाकलं? हर्षलच्या वाक्यात कर्ता नव्हता. रामरावांनी नव्हे. भाऊबीजेला ते रेल्वेने मलकापूरला बहिणीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टेशनवर घेतलेला दिवाळी अंक आणून दिला होता. गाडी घरी होती. हर्षल ती घेऊन मेहकरला डिंपलकडे, त्याच्या बहिणीकडे, गेला होता. आणि ते बॉनेट एकट्याने उघडत नाही. म्हणजे दोघं होते.

मी समोरच्या मुलाकडे पाहिलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो खरोखर मिस्त्रींनाच दोषी समजत होता, आणि ते तेल त्याने स्वतःच्या हाताने ओतलं होतं.

मी विचारलं नाही. मला धीर झाला नाही. उठलो, चप्पल शोधू लागलो.

आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला. "भाऊजी, चहा घेऊन जा."

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. त्या ओट्याखालच्या फळीकडे पाहत बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "डबा पाहाले आले का?"

६

डबा फळीवर होता. पिवळा. झाकणाला तार नव्हती. तळाशी दोन बोटं तेल उरलं होतं.

"चौथ्या दिवशी समजलं मले," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता, यादी वाचावी तसा. "म्हटलं त्याईचं जवसाचं तेल कोणाले तरी देऊन टाकू. आता कोण खाते? डबा उचलला त हलका. ते रोज सकाळी एक चमचा घेत. दिवाळीच्या आठ दिवस आधी घाणीवरून दोन लिटर आणलं होतं. एक चमच्यानं कुठी सरते एवढं?"

"भाऊबीजेला..."

"हाव. गाडीचा लाल दिवा लागला. पोरानं मलकापूरले फोन लावला. ते म्हणे फिल्टरचं टाक. पोरगा मले म्हणे, आई, फिल्टरचं तेल कुठी हाये? मी सैपाकघरात होती. मले वाटलं डिंपलकडे न्याचं असन. दिला काढून डबा."

"गाडीत ओतताना तुम्ही..."

"मी आत बसली होती, खटका धरून. बॉनेट समोर उभं. पोरगा काय वतते ते दिसलं नाई. मांघून डबा त्यानं ओट्यावर आणून ठेवला, मी फळीवर सरकवला. मेहकरले गेलो, पुरणपोळी खाल्ली, आलो. महिनाभर चालली गाडी. ते म्हणतबी होते, जड चालून राह्यली."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मला वाटलं आपण निघून जावं, आपण आलोच नव्हतो असं करावं. म्हणालो, "तो लेख मी दिला होता, वहिनी. दोन्ही. ऑइलचा आणि जवसाचा."

"त्याईले कागद कोणी ना कोणी देणारच होतं," त्या म्हणाल्या.

बाहेर हर्षल कोणाशी तरी फोनवर बोलत होता. सोमवारी किती वाजता जायचं, हे.

"लोक म्हणते बाई बोलत नाई, दुःख हाये. दुःख त हायेच. पण मी बोलली त पोराले समजन, त्यानं काय केलं. ते समजल्यावर तो पुण्याले जाऊन रोज सकाळी उठन कसा? म्हटलं, मिस्त्रीवर राग हाये, राहू दे. राग निवते." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री काय म्हणते?"

"ते म्हणतात, मीच मारलं. कबूल करणार आहेत. गॅरेज बंदच आहे त्या दिवसापासून. जेवत नाहीत, प्राची सांगत होती."

मनकर्णाबाईंना हे माहीत नव्हतं. तेरा दिवस त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी चहाचं भांडं गॅसवरून खाली उतरवलं. तो गाळायचा राहून गेला.

"उद्या मीबी येतो म्हणा हर्षलले," त्या म्हणाल्या. "पण पयले गॅरेजवर."

७

सोमवारी साडेतीनला त्या आल्या. हर्षल मागे, हातात तक्रारीचा कागद. मिस्त्री स्टुलावरून उठले. प्राचीने आतून खुर्ची आणली, पण मनकर्णाबाई बसल्या नाहीत. पिशवीतून पिवळा डबा काढून त्यांनी बंद शटरपुढे ठेवला.

"मिस्त्री, तुमच्या ऑइलनं काही नाई झालं. भाऊबीजेला गाडीत जवसाचं तेल गेलं. ह्या डब्यातलं. मी टाकलं."

मिस्त्रींनी वाकून झाकण पाहिलं. तार नव्हती.

"मले वाटलं, फिल्टरचं म्हणजे हेच."

हर्षल पुढे आला. "आई, काय बोलतेस? भाऊबीजेला तर मी..."

"तू नव्हता."

"आई, मीच..."

"तू तवा घरात नव्हता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मी एकटीनं टाकलं."

रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली. हर्षलच्या हातातल्या कागदाची घडी होत होती, पुन्हा पुन्हा, लहान लहान. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्या बॉनेटबद्दल त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी मान खाली घातली.

शेवटी ते म्हणाले, "इंजिन उतरवून पाहावं लागन. जवस असन त सगळीकडे चिकटलं असन. पाहू?"

"पाहा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

मिस्त्री पाने आणायला वळले. शटर वर गेलं, तेरा-चौदा दिवसांनी, मोठा आवाज करत. आणि ते आत असताना मनकर्णाबाई गाडीचं दार उघडून आत बसल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्टिअरिंगखाली हात घातला, खटका अर्धा ओढला आणि धरून ठेवला. हर्षल पुढे गेला. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या दिव्याच्या वर त्याने तळहाताने दोन थापा मारल्या आणि बॉनेट उचललं.

दोघांच्या मध्ये तो पांढरा पत्रा उभा राहिला.

मिस्त्री पाने घेऊन दारात आले होते. ते तिथेच थांबले. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं, प्राचीने पाहिलं. पत्र्याच्या अलीकडे हर्षल दोन्ही हात इंजिनाच्या कडेवर ठेवून वाकलेला होता. पलीकडे मनकर्णाबाईंनी खटका अजून धरून ठेवला होता, आता गरज नसताना.

"सोडा बाई आता," मिस्त्री हळू म्हणाले.

त्यांनी सोडला. पण त्या गाडीतून उतरल्या नाहीत.

थोड्या वेळाने मिस्त्रींनी विचारलं, "इंजिन बांधून झालं की ऑइल कोणतं टाकू? नवीन आणू?"

"जे तुम्ही दिलं होतं तेच," काचेमागून त्या म्हणाल्या.

हर्षल डिक्कीकडे गेला. पोतं बाजूला करून त्याने डबा उचलला, मिस्त्रींच्या पायाशी आणून ठेवला आणि त्याच्यापुढे उकिडवा बसला. झाकणावरच्या तारेवरून तो बोट फिरवत होता, एक वेढा, दुसरा वेढा.

"मिस्त्री, ही तार काऊन?" त्याने विचारलं. पुण्याला गेल्यापासून मी त्याच्या तोंडून 'काऊन' हा शब्द ऐकला नव्हता.

मिस्त्रींनी पाने खाली ठेवले.

"कोणी चुकू नये म्हणून," ते म्हणाले.

हर्षलने मान हलवली. मग त्याने पक्कड मागितली.

चार वाजत आले होते. मी समोरच्या टपरीवर गेलो आणि पाच चहा सांगितले.